छतावर ऊन होतं आणि मशीन बंद होती

काकू, हेडाऊ परिवारातली सगळी मंडळी, काकाजींसोबत नोकरी केलेले त्यांचे जुने मित्र, आणि आपल्या हुडकेश्वरच्या लेआउटातले, या वस्तीतले सगळे लहानथोर.

मी विनोद. चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचा. लेआउटातले सगळे ओळखतात, पण उमरेडहून पाहुणे आलेले आहेत म्हणून सांगितलं. या मंदिराच्या सभागृहात मी पुष्कळदा आलो आहे, पण माइक लावायला. या माइकवर मी आजवर फक्त 'हॅलो, हॅलो, चेक' एवढंच बोललो. बोलायला काकाजी असायचे आणि मी वायर धरून तिकडे खांबाजवळ उभा राहायचो. आज वायर दुसऱ्यानं जोडली आणि मला इथं उभं केलं. मध्येच थांबलो तर थांबू द्या. कोणी पाठीवर हात ठेवायला येऊ नका, एवढी विनंती आहे.

आपले काकाजी, देवरावजी हेडाऊ, गेले. परवा तेरवी झाली. सभा ठरली तेव्हा मंडळाच्या लोकांनी मला सांगितलं, विनोद, तू शेवटपर्यंत त्यांच्यासोबत फोनवर होतास, तू बोल. खरं आहे. शेवटपर्यंत फोनवर मीच होतो. त्या फोनबद्दलच मला बोलायचं आहे. पण आधी काकाजींबद्दल बोलतो. एकदम तिकडे जायची माझी हिंमत नाही.

काकाजी उमरेडचे. घरी हातमाग. वडील लुगडी विणायचे. मागावर पोट भरेना तेव्हा काकाजी वीज केंद्रात लागले, कोळसा उतरवायच्या विभागात. रेल्वेच्या वाघिणी यायच्या, कोळसा खाली पडायचा, पट्ट्यावरून वर भट्टीकडे जायचा. त्या पट्ट्याच्या बाजूनं काकाजी बत्तीस वर्षं चालले. मला सांगायचे, "माह्या बापाच्या अंगाले कापसाचे पांढरे तंतू राहायचे, अन् माह्या अंगाले काळी भुकटी. माय म्हणे, आता कोणाचे कपडे आधी धुवू, सांगा तुम्ही दोघं." सांगायचे आणि स्वतःच हसायचे. हसले की खोकला यायचा. खोकला आला की काकू आतून पाणी घेऊन यायच्या. हे इतक्या वेळा पाहिलं आहे मी, की आता त्या घरासमोरून गेलो तरी कान तिकडेच असतात.

लेआउटातल्या लहान पोरांना ते एक प्रश्न विचारायचे. तुमच्यातल्या पुष्कळांना विचारला असेल. संध्याकाळी दिवे लागले की म्हणायचे, "सांग बरं, हा दिवा कुठून आला?" पोरं म्हणायची, बटनातून. "बटनातून नाही बे. कुठं धरणाच्या पाण्यातून येते, कुठं डोंगरावरच्या पवनचक्कीतून, थोडी अणूतून, आता थोडी उन्हातून. पण आपल्या राज्यातली अर्ध्याच्या वर अजून कोळशातूनच येते. अन् तो कोळसा आपल्या पायाखालून निघते." पोरं लगेच पायाखाली पाहायची. काकाजींना त्याची फार मजा वाटायची.

मंडळी, विजेचे दर वाढवायचे असले की आधी सुनावणी होते. लोकांनी यावं, आपली हरकत सांगावी, म्हणून मोठ्या सभागृहात बोलावतात. इथं बसलेल्यांपैकी कोण गेलं आहे कधी? मी नाही गेलो. काकाजी जायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, हातात अर्ज, बस बदलून जायचे. दिवसभर बसायचे आणि त्यांचं नाव पुकारलं की दोन-तीन मिनिटं मिळायची. एकदा त्यांनी तिथं सांगितलं, "साहेब, राख आमच्याकडे पडते, वीज सगळीकडे जाते, अन् बिल मात्र सगळ्याइले सारखं येते. आमच्या बिलातून राखेचं काही वजा करा." मंचावरचे साहेब लोक हसले. कोणीतरी लिहूनही घेतलं. दर वाढायचा तो वाढलाच.

मी विचारलं, काय झालं काकाजी? म्हणाले, "हसले गा. म्हणजे ऐकलं तं खरं."

असा माणूस होता तो. कोणी हसलं तरी त्याला वाटायचं, ऐकलं. समोरचा माणूस आपल्याला फसवेल असं त्याच्या डोक्यातच यायचं नाही. मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. हा त्यांचा गुण मी वापरला, म्हणून सांगतो आहे.

रिटायर झाल्यावर छाती बिघडत गेली. पुढं डॉक्टरांनी घरी मशीन लावायला सांगितली. आसपासच्या हवेतून प्राणवायू गोळा करून नळीनं नाकात सोडणारी मशीन. ती विजेवर चालते. दिवसभर चालवा म्हणाले. ती मशीन आली आणि तिच्यामागून बिल आलं. एक दिवस दुपारी मी त्यांच्या कूलरचा पंप बदलायला गेलो होतो. पाहतो तर काकाजी पलंगावर बसलेले, दोन्ही हात मांडीवर टेकवून, खांदे वरखाली होत आहेत, आणि नळी खिळ्याला टांगलेली. मी म्हणालो, काकाजी, मशीन बिघडली का?

"नाही गा. दुपारी दोन-तीन घंटे बंद ठेवतो. बिल पाह्यलं का तू?"

काकू मागून म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगतलं, काढू नका म्हणून. ऐकते का हा माणूस कोणाचं?"

मंडळी, आपण सगळेच काटकसर करतो. गिझर बंद करतो, टीव्ही बंद करतो. उन्हाळ्यात कूलर एकाच खोलीत लावतो आणि सगळं घर तिथं येऊन झोपतं. पण हा माणूस श्वासात काटकसर करत होता. ज्यानं बत्तीस वर्षं राज्याला वीज पोचवायला कोळसा ओतला, तो बिलाच्या भीतीनं नळी खिळ्याला टांगून बसला होता. मला तेव्हा खरंच भडभडून आलं. खोटं सांगत नाही. तेव्हा माझ्या मनात धंदा नव्हता. मी म्हणालो, काकाजी, छतावर सोलर लावून देतो. दिवसभर मशीन चालवा.

धंदा नंतर आला.

काकाजींनी तीन संध्याकाळी माझ्याकडून सगळं समजून घेतलं. दुकानात स्टुलावर बसायचे. प्लेटा किती दिवस टिकतात, वर धूळ बसली तर काय, माकडं आली तर काय, ढग आले तर काय. सरकारची सूट मिळायला कागद कोणते लागतात. सगळं विचारलं. आणि तिसऱ्या दिवशी उठता उठता विचारलं, "अन् लाइन गेली तं?"

हे ऐका आता. ज्यांच्या घरावर मी प्लेटा लावल्या त्यांनी तर कान देऊन ऐका.

मला उत्तर माहीत होतं. सोलर लावून देणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आपण जे सोलर लावतो ते लाइनीला जोडलेलं असतं. आपल्या छतावरची वीज लाइनीसोबत चालते. लाइन गेली की छतावरची वीज पण बंद होते, वर कितीही ऊन असो. ती मुद्दाम तशीच केलेली असते, कारण लाइन गेल्यावर लाइनमन खांबावर चढतो आणि आपल्या छताची वीज उलटी गेली तर त्याचा जीव जाईल. नियम बरोबर आहे, मशीनही बरोबर आहे. लाइन नसताना घर चालवायचं असेल तर बॅटरीवालं वेगळं सोलर लागतं, आणि ते फार महाग पडतं. त्याचं नाव काढलं असतं तर काकाजींनी हात जोडले असते. आणि काकाजींनी नाही म्हटलं असतं तर लेआउटातल्या बाकीच्यांनीही नाही म्हटलं असतं, कारण तुम्ही सगळे तेव्हा एकच बोलत होता, हेडाऊकाका लावतात का पाहू, मग आम्ही लावू.

म्हणून मी म्हणालो, "काकाजी, दिवसा वर सूर्य आहे न. तुम्हाले लाइनचं काय काम?"

ते खूश झाले. घरी जुना इन्व्हर्टर होता, बॅटरी दमली होती, पण तास-अर्धा तास मशीन चालवायची. तीसुद्धा मी घेतली. म्हणालो, आता कायले जागा अडवता, द्या, भावातून कमी करतो. त्यांनी दिली. मीच उचलून गाडीवर ठेवली.

प्लेटा लागल्या त्या दिवशी काकाजी दारापुढच्या छपरीत खुर्ची टाकून बसले होते. नाकात नळी, भर दुपार, मशीन आत चालू. मी जिन्यावरून खाली आलो तर म्हणाले, "विनोद, बत्तीस वर्षं मी वीज खालून काढली गा. आता वरून घेतो." मग काकूंना हाक मारून म्हणाले, "अवं, आता दुपारी बी नळी काढत नाही मी." काकूंनी मला पेढा दिला. तो पेढा मी खाल्ला.

त्यानंतर तुम्ही अकरा घरांनी लावल्या. बिलं कमी झाली, हे खरं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही आणि तुमचीही नसेल. पण काकाजींच्या घरी आणखी एक गोष्ट झाली, ती कोणाला दिसली नाही. कोपऱ्यात एक छोटा ऑक्सिजन सिलिंडर असायचा, लाइन गेली तर म्हणून. तो संपला तेव्हा पुन्हा भरला नाही. सोलर आहे न. काकूंनी त्याच्यावर विणलेला रुमाल टाकला आणि त्यावर फोन ठेवायला लागल्या. मी कितीदा त्या घरी गेलो, चहा प्यालो, तो रुमाल पाहिला. सिलिंडर भरला आहे का, एवढं विचारलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

नवतपा सुरू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. बाहेर पाऊल ठेवलं की चपलेतून चटका बसत होता. मी काटोलला होतो, एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामाच्या छतावर. मोठं काम होतं. इतकं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. त्यांनी मला नुकतंच विचारलं होतं की माल ठेवायच्या खोलीतले पंखे दिवसभर चालतील न, आणि मी म्हणालो होतो, बिनधास्त. मग फोन वाजला. काकू होत्या.

"विनोद, लाइन गेली गा. डीपी उडाली म्हणते. अन् आपली मशीन बी बंद झाली."

डीपी म्हणजे आपल्या गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. मी विचारलं, काकाजी कसे आहेत?

"बसून आहेत. पण मी काय म्हणते, वर तं आग लागून राहिली. प्लेटा तापून राहिल्या. मग मशीन काहून बंद?"

व्यापारी माझ्या शेजारी उभा होता. फोनवरचं सगळं ऐकत होता. मी तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. काकू, लाइन गेली की सोलर बंदच होते, तुम्ही आताच्या आता काकाजींना दवाखान्यात न्या. किती वेळ लागला असता? पण शेजारी गिऱ्हाईक उभं होतं. ते वाक्य त्यानं ऐकलं असतं तर काम गेलं असतं.

मी म्हणालो, "काकू, जिन्याजवळ वर सोलरची ती पांढरी पेटी आहे न, तिचं बटन बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग चालू करा."

मला माहीत होतं त्यानं काही होणार नाही. मला माहीत होतं.

पाच-सात मिनिटांनी पुन्हा फोन आला. काकू धापा टाकत होत्या. "केलं गा. नाही झालं." मी म्हणालो, परत करा. परत पाच मिनिटं. सत्तरीच्या बाईला मी नवतप्यात दोनदा जिना चढवला. घरात पंखा नाही, कूलर नाही, मशीन नाही. आणि मी तिला वर पाठवतो आहे, बटन दाबायला.

तिसरा फोन आला तेव्हा मागून काकाजींचा आवाज आला. तुटक तुटक. "त्याले म्हण... आरामात ये... ऊन आहे."

मी म्हणालो, निघालोच आहे काकू. पंधरा मिनिटांत पोचतो.

मंडळी, आम्हा इलेक्ट्रिकच्या लोकांची ही सवय तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यावरून माझी गंमतही करता. विनोद निघालोच म्हणाला म्हणजे अजून जेवायला बसायचा आहे. हसता तुम्ही, मीही हसतो. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून आम्ही म्हणतो, निघालोच. दारात आहो म्हणतो, चौकात आहो म्हणतो. इतक्या वर्षांत ते तोंडात इतकं बसलं आहे की खोटं बोलतो आहे असं वाटतही नाही. काटोल कुठं आणि आपलं हुडकेश्वर कुठं. शहर ओलांडून यायचं. भर ऊन. सव्वा तास तरी लागतोच.

पण काकाजींनी ते खरं मानलं.

हे मला नंतर काकूंनी सांगितलं. तिसऱ्या फोननंतर काकू म्हणाल्या, मी समोरच्या मेश्रामभाऊंना बोलावते, गाडीत टाकून नेऊ. तर काकाजींनी हातानं थांबवलं. म्हणाले, "विनोद निघाला न? मग थांब. मेश्राम आताच ड्यूटीवरून येऊन झोपला असन. कायले तरास देते त्याले."

ते थांबले. माझी वाट पाहत थांबले. दारं उघडी ठेवून, ओला टॉवेल डोक्यावर ठेवून, नवराबायको दोघं माझ्या मोटारसायकलचा आवाज येतो का ऐकत बसले.

आणि मी? मी लगेच निघालोही नव्हतो. कागदावर व्यापाऱ्याची सही घेतली आणि मग निघालो. हे आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

मेश्रामभाऊ गरमीनं जागे होऊन बाहेर आले, तेव्हा त्यांना काकाजी दिसले. त्यांनीच उचलून गाडीत घातलं. मेश्रामभाऊ, तुम्ही इथं बसला आहात. तुम्ही त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. बरोबर आहे तुमचं, माझी पंधरा मिनिटं किती लांबली ते तुम्ही पाहिलं आहे.

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले की थोडं आधी आणायला पाहिजे होतं. संध्याकाळी काकाजी गेले.

मी लेआउटात पोचलो तेव्हा घरात कोणी नव्हतं. दार तसंच उघडं होतं. मी आत गेलो, पलंगावर टॉवेल पडला होता, अजून ओला होता. तेवढ्यात लाइन आली. पंखा फिरायला लागला आणि मशीन आपोआप सुरू झाली. नळी जमिनीवर पडली होती. त्या नळीतून हवा येत होती, फरशीवर. त्या रिकाम्या घरात ती मशीन चालू होती आणि मी पाहत उभा होतो. मग मी बटन बंद केलं आणि दवाखान्याकडे निघालो.

...

काल सकाळी मी काकूंकडे गेलो. तोवर त्या सगळ्यांना सांगत होत्या, विनोदनं फोनवर फार मदत केली, बिचारा तितक्या दुरून धावत आला. आल्या-गेल्याला तेच सांगत होत्या. मला ते ऐकवत नव्हतं. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि आत्ता तुम्हाला जे सांगितलं ते सगळं सांगितलं. सहीचंसुद्धा.

काकू रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "मले सांगून काय फायदा? माह्या घरी आता ते मशीन कोणाले लागते? ज्याइच्या घरी लागते त्याइले सांग. सभेत सांग."

मी म्हणालो, काकू, सभेत नको, मी घरोघरी जाऊन सांगतो.

"घरोघरी तू गोड बोलशीन. सभेत सांग."

म्हणून मी इथं उभा आहे. मला माफी मागायची आहे, पण कोणाकडे मागू? ज्यांच्याकडे मागायची ते नाहीत. काकूंनी माफ केलं असं म्हटलेलं नाही. मी विचारलंही नाही.

लोक मला म्हणतात, अरे, नशीब होतं त्यांचं. छाती आधीच गेलेली होती. आज नाही तर उद्या गेलेच असते. असं कोणी म्हणू नका माझ्यासमोर. त्यांची छाती कोळशानं नेली, हे खरं. पण तो कोळसा कशासाठी जळला? आपल्या घरात पंखा फिरावा म्हणून. मग तीच वीज इतकी महाग झाली की त्यांनी नळी खिळ्याला टांगली. लाइन महाग म्हणून सोलर आणलं. सोलर लाइनीवर टेकलेलं. लाइन कोळशावर टेकलेली. आणि कोळसा काकाजींच्या छातीत बसलेला. कुठून सुटायचं माणसानं? तुम्ही सांगा. मी रात्रंदिवस याचाच विचार करतो आणि मला दार सापडत नाही. बॅटरीवालं लावा म्हणतात. ज्यानं बिलासाठी श्वास आखडता घेतला, तो बॅटरी कुठून लावेल? आणि काकाजींसारखे किती असतील, या शहरात, या राज्यात? प्रत्येकाला माझ्यासारखाच कोणी सांगत असेल, तुम्हाले लाइनचं काय काम.

सोलर काढून टाका असं मी म्हणत नाही. प्लेटा चांगल्या आहेत. ऊनही चांगलं आहे. ते कोणाच्या छातीत जाऊन बसत नाही. पण लाइन गेली की बंद पडतात, हे जे विकताना सांगायचं होतं ते मी आज, माणूस गेल्यावर, या माइकवर सांगतो आहे. अकरा घरं आहेत. अकराही घरांना सांगतो. पुढच्या वेळी डीपी उडेल. उन्हाळा अजून संपला नाही, आणि या लोडवर ती उडणारच. तेव्हा पेटीचं बटन दाबत बसू नका. मला फोन करू नका. मी निघालोच म्हटलं तरी विश्वास ठेवू नका.

माझ्या दुकानाचं काय व्हायचं ते होवो. काटोलच्या व्यापाऱ्यालाही मी आज सकाळी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी काम परत घेतलं. चांगलं केलं.

काकाजी, तुम्ही मला आरामात यायला सांगितलं होतं. ऊन आहे म्हणून. तुम्हाला श्वास घेता येत नव्हता आणि तुम्हाला माझ्या उन्हाची काळजी होती. हे मी कुठं ठेवू, काकाजी? मले नाही जमत हे. मले खरंच नाही जमत.

...

आता मौन पाळायचं आहे. मंडळाचे अध्यक्ष उभे राहा म्हणून खुणावत आहेत. एक मिनिट, भाऊ. उभं राहायच्या आधी एक काम आहे.

आपल्या लेआउटात अजून दोन घरी अशीच मशीन आहे. मागच्या गल्लीतले वानखेडे सर आणि कोपऱ्यावरच्या बारापात्रे आजी. दोन्ही घरांवर मीच प्लेटा लावल्या आहेत. त्या दिवशी तुमची डीपी वेगळी होती, म्हणून तुमची लाइन गेली नाही. एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही. वानखेडे मॅडम इथं बसल्या आहेत. आजींच्या सूनबाई पण आल्या आहेत.

मॅडम, तुमच्या घरचा सिलिंडर भरलेला आहे का? माहीत नाही? सूनबाई, तुमचा?

मग तुम्ही दोघी आत्ताच घरी जा. काटा पाहा, नुसता हलवून पाहू नका. रिकामा असेल तर मेश्रामभाऊंची गाडी बाहेर उभी आहे, लगेच भरून आणा. मौन तुम्ही आल्यावर पाळू. तोवर कोणी उभं राहू नका, कोणी घरी जाऊ नका.

जा, बाई. आम्ही सगळे इथंच बसून आहोत. काकाजींना आता घाई नाही.